चौघांचा ट्रक

माझा राग कॉलेजात प्रसिद्ध, पण त्या वर्षी मी स्वतःवरच चिडले होते. एक्क्याण्णव साली जळगावला माझ्या हाताखालच्या बी.कॉम.च्या चौघा विद्यार्थ्यांच्या गटाला मीच सांगितलं होतं की प्रकल्प पितांबर लिहील, त्याचं अक्षर सुंदर आहे. तोंडी परीक्षेला पितांबर तापाने फणफणला आणि बाकीचे तिघे परीक्षकांपुढे ढिम्म उभे राहिले. चौघेही नापास! आता शेवटची संधी होती, ती गेली तर पदवीवर पाणी सोडायचं.

विषय तोच, बागेतून ट्रकपर्यंत जाताना किती केळी खराब होतात. चौघांना घेऊन मी रावेर गाठलं. तिथल्या केळी कापून ट्रक भरणाऱ्या टोळीचे मुकादम भाईदास आबा. त्यांच्याकडे आज घड कापणारा उद्या डोक्यावर वाहायचा, परवा ट्रकमध्ये पाला अंथरून रचायचा. असं का, मी विचारलं.

"एखादा नाही आला तर ट्रक थोडाच थांबतो, ताई?"

हात्तिच्या! वीस वर्षं शिकवून मला हे सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तोच नियम. मोजणी, आकडेमोड, लिखाण, दर आठवड्याला अदलाबदल. गटातल्याच झुलालच्या अक्षराने वहीची वाट लागेल, अशी पितांबरची कुरकुर. लागू दे, मी ठणकावलं. शिरपूरकडचा झुलाल वर्गात कधी तोंड उघडत नसे. रोज आपलं काम बाकीच्यांना समजावून सांगताना त्याला घाम फुटायचा, तरी मी सोडलं नाही.

परीक्षेच्या सकाळी पितांबरचा पत्ता नाही. यावलची एसटी वाटेत बंद पडली होती. तिघांनाच घेऊन मी आत गेले. परीक्षकांनी नेमकं पितांबरने काढलेल्या आकड्यांवर बोट ठेवलं. झुलाल उठला. अडखळला, मध्येच अहिराणीत घसरला, पण एकही प्रश्न त्याने सोडला नाही. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

तेवढ्यात पितांबर धापा टाकत आला, चेहरा पार उतरलेला. झुलालने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बठ्ठं भराई गयं, भाऊ. आते तू जाय."

सगळं भरून झालं होतं, आता पाळी त्याची. परीक्षकांनी पितांबरपुढे झुलालच्या वेड्यावाकड्या अक्षरातलं पान धरलं. पितांबरने त्याकडे न बघताच सगळं सांगितलं.

चौघेही पहिल्या वर्गात पास! मी पेढे घेऊन थेट रावेरला गेले. भाईदास आबांनी एक तोंडात टाकला, बाकीचे टोळीत वाटले आणि पुन्हा ट्रक भरायला लागले.