गाडी लागणारी डॉक्टरीण

दादाभाऊच्या टेम्पोला नवीन सीटकव्हर घालून तीनच दिवस झाले व्हते. भीमाशंकरचं दर्शन करून येताना तळेघरच्या अलीकडच्या वळणावर हर्षालीनं त्या कव्हरची पार वाट लावली.

संध्याकाळी बेल्ह्यात, त्याच्या अन शेजारच्या हर्षालीच्या घरामधल्या ओट्यापुढं दादाभाऊ बादली अन ब्रश घेऊन सीट घासत बसला व्हता. माणूस पन्नाशीचा, धंद्यानं बैलबाजारातला दलाल. सोमवारच्या बाजारात त्याच्या शब्दाशिवाय खुरही हलत नाय, असं तो स्वतःच सांगायचा. ओट्यावर हर्षाली लिंबू चोखत पडली व्हती अन शेजारचा रामदास मजा बघत उभा व्हता.

"रामदास," दादाभाऊ म्हणाला, "ही आपली हर्षी नेव्हीत डॉक्टर हाय म्हणं. लढाऊ जहाजावर. तिकडं समुद्राला पण लिंबू चोखायला देती का गं?"

"काका, घाटातली गाडी येगळी, जहाज येगळं."

"हां, जहाजाला कव्हर नसतं."

रामदास खो खो हसला. हर्षाली उठून बसली. तिशीची बाई, नावामागं सर्जन लेफ्टनंट लागलेलं, पण दादाभाऊनं चिडवलं की ती नववीतली व्हायची.

"लावा पैज. पुढच्या सुट्टीपर्यंत जहाजावर एकदा पण उलटी करणार नाय."

दादाभाऊनं ब्रश बादलीत टाकला. पैज म्हणल्यावर त्याला सीट कुठली दिसतीय. "अन केली तर?"

"तुमी सांगाल ते."

"तर सोमवारच्या बाजारात अंगावर झूल, गळ्यात घुंगरू. दावं माझ्या हातात. तीन फेऱ्या. नाय केली तर मी झूल घालीन, दावं तुझ्या हातात."

"पण तिथं बघायला कोण येणार?" रामदासनं विचारलं.

"हर्षी खोटं बोलत नाय," दादाभाऊ म्हणाला. "बोलली असती तर मघाशी म्हणली असती की रामदासनं केली."

आतनं हर्षालीची आई कुशाबाई ओरडली की डॉक्टर झालेल्या लेकीला बैल करायला लाज वाटू द्या. तोवर टाळी पडली व्हती.

अन मग दोन महिन्यांत लढाई लागली.

नवव्या दिवशी हर्षालीचं जहाज एका बेटाच्या दिशेनं चाललं व्हतं. दुपारच्या भरतीला जवान बेटावर उतरवायचे, असा हुकूम. पहिल्या बोटीत चाळीस जवान, एक डॉक्टर अन एक मदतनीस. दुसरा डॉक्टर जहाजावरच थांबणार. हर्षालीला पहिली बोट पाहिजे व्हती. पाहिजे म्हणजे किती, तर सकाळपासून तिनं तीनदा पिशवी भरली, तीनदा उपसली अन पुन्हा भरली. ह्याच कामासाठी वर्दी घातली, अन आज वरनं नुसतं बघत बसायचं? तिच्या पायाला ते पटत नव्हतं. पाय आपले नाचत व्हते.

अडचण दुसरीच व्हती. जहाजावरचा दुसरा डॉक्टर लई तगडा गडी. रोज शंभर जोर काढणारा, पट्टीचा पोहणारा, अन उलटी म्हणजे काय ते त्यानं फक्त पुस्तकात वाचलेलं. अन सगळ्यात मोठे डॉक्टर, कमांडरसाहेब, त्यांनी सकाळीच हर्षालीच्या तोंडाकडं निरखून बघितलं व्हतं.

"डॉक्टर, तुमचा रंग हिरवा दिसतोय."

"वर्दीचा उजेड पडलाय सर."

साहेब हसले नायत. म्हणाले, "अकरा वाजता खाली या. दोघांची परीक्षा घेतो. जो पास, तो पहिल्या बोटीत. अन जो आजारी, तो वर."

खाली म्हणजे जहाजाच्या पोटात, जिथं गाड्या उभ्या करत्यात तिथं. सगळी इंजिनं गरम करायला चालू ठेवलेली. धूर असा की डोळं झोंबायचं. लाल दिवे मिणमिणते, अन आवाज इतका की हातभरावरनं बोंबललं तरी समोरचा फक्त दात बघणार, अन कानाशी तोंड नेलं तरी चारातले दोनच शब्द कळणार. वायरलेसवर तर सकाळपासून बंदी, शत्रूला सुगावा नको. त्यात डिझेलचा वास. हर्षालीनं जिभेखाली आमसूल धरलं अन देवाचं नाव घेतलं.

परीक्षा सोपी व्हती. पंधरा-वीस जवान जागोजागी झोपलेले, प्रत्येकाच्या छातीवर जखम लिहिलेली चिठ्ठी. डॉक्टरनं फिरून बघायचं, स्ट्रेचरवर न्यायचे किती ते मदतनीसाला कळवायचं, मदतनीसानं पळत जाऊन दाराबाहेर उभ्या साहेबाला आकडा द्यायचा. बेटावर गोळीबारात असंच व्हणार व्हतं.

आधी तगडा डॉक्टर गेला. त्यानं हात वर करून बोटं दाखवली. लाल धुरात त्याच्या मदतनीसाला नऊची सहा दिसली. दुसऱ्यांदा तो ओरडला, तर मदतनीसानं नुसतीच मान हलवली, लग्नात बँड वाजताना पावणं हलवत्यात तशी.

मग चिठ्ठ्या बदलल्या अन हर्षालीची पाळी आली. तिचा मदतनीस भरत, तळेघरचा. जहाजावर तीनशे माणसं अन त्यात आपल्याकडची ही दोनच, त्यामुळं झुलेची पैज त्याला तोंडपाठ. भरत लहानपणी मामाबरोबर बैल घेऊन चालत बेल्ह्याच्या बाजाराला यायचा. हर्षालीनं त्याला बाजूला घेतलं, गळ्यातला टॉवेल काढला अन त्याच्या हातावर टाकला. भरत एकदम ताठ झाला. टॉवेलखाली हात म्हणल्यावर बेल्ह्याच्या बाजारातलं शेंबडं पोर पण सावध व्हतं. तिथं भाव तोंडानं बोलत नायत. रुमालाखाली बोटं धरायची. एक बोट म्हणजे एक, आख्खा पंजा म्हणजे पाच. बघणाऱ्याला सुगावा लागत नाय.

हर्षाली वाकत, पडत, गाड्यांमधनं सगळी माणसं बघून आली. टॉवेलखाली हात घातला. पंजा, अन मग दोन बोटं. सात.

भरतनं मान डोलवली. अन सवयीनं, एका दमात, तिचा पंजा धरला अन सोडून दिला. पाच.

हर्षालीनं पुन्हा सात दाबले. भरतनं तोंड वाकडं केलं, मान फिरवली अन सहा दिले. वर भुवई उडवली, म्हणजे आता शेवटचं.

हर्षालीला कळलं. बेल्ह्यात पहिला आकडा मान्य करणारा माणूस आजवर जन्मला नाय. तिनं त्याचा कान धरून त्याला तोंडाशी ओढलं.

"अरे जखमी हायती ते, बैल नायत. भाव काय पाडतोस!"

"सॉरी ताई. हात आपोआप गेला."

"पळ आता."

भरत पळाला, सात सांगितले. साहेबांनी कागद बघितला. सात. साहेबांनी माणसं बदलली, चिठ्ठ्या बदलल्या, एक मोठी गाडी मध्ये आडवी लावली. हर्षालीचा आकडा चार, भरतचा चार. मग तेरा, तेरा. शेवटी तर हर्षाली माणसं बघून आली अन साहेबांनी सगळे दिवेच घालवले. मिट्ट काळोख. नऊ अन नऊ.

साहेब स्वतः दोघांजवळ आले. टॉवेल उचलून खाली बघितलं, जसं काय तिथं मशीन लपवलंय. कानाशी ओरडून विचारलं, "हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं?"

"सोमवारच्या ट्रेनिंगमध्ये, सर," भरत ओरडला.

साहेबांनी हर्षालीच्या खांद्यावर हात ठेवला अन बोट पुढच्या दाराकडं केलं. पहिली बोट.

सकाळपासून तिनं डिझेल पचवलं, लाटा पचवल्या, आमसूल सुद्धा गिळलं. पण आनंद काय पचला नाय. पोटातनं जे उसळलं ते थेट कमांडरसाहेबांच्या बुटांवर.

भरतनं डोळं मिटलं. झालं, आता वर थांबा.

साहेबांनी खाली बघितलं. एक पाय झटकला, मग दुसरा. "अजून काय शिल्लक आहे का?"

"नाय सर. संपलं."

"मग जागेवर जाऊन बसा. बोट सुटायला वीस मिनिटं आहेत. अन तो टॉवेल घेऊन जा."

बोटीत दाटीवाटीनं बसल्यावर भरत कानाशी आला. "ताई, दादाभाऊंना कोण सांगतंय? मी तर काय बघितलंच नाय."

"मी बघितलं ना," हर्षाली म्हणाली. मग समोरचं दार धाडकन पडलं, ऊन अन पाणी एकदमच आत आलं, अन ती पिशवी डोक्यावर धरून पळत सुटली.

त्या दुपारी बेटावर टॉवेलखाली आकडे गेले. अकरा माणसं स्ट्रेचरवरनं जहाजावर आली अन अकराच्या अकरा जगली. भरतनं एकदा पण घासाघीस केली नाय.

पाच आठवड्यांनी, सोमवारी, बेल्ह्याचा बाजार ऐन भरात व्हता. टेम्पो, मोटारसायकली, शिंगं रंगवलेले बैल. त्या सगळ्यांमधनं हर्षाली आली. पंजाबी ड्रेसवर आरसे लावलेली झूल, गळ्यात घुंगरांची माळ. पुढं दावं धरून दादाभाऊ, मागं खी खी करणारा रामदास, अन तोंडाला पदर लावून, हसतीय का रडतीय ते कळू न देणारी कुशाबाई.

"बघा राव, बघा. चारी पाय धड. नांगराला धरली नाय, समुद्राला धरलीय."

"दात बघू," एक व्यापारी पुढं आला. हर्षालीनं जबडा वासला.

"खोड काय?"

"एकच. गाडी लागती. पण उलटी साहेबाच्याच अंगावर करती, तेवढी जात चांगली."

सगळा बाजार हसत सुटला. दादाभाऊनं खांद्यावरचा रुमाल काढला, हर्षालीच्या हातावर टाकला अन खाली स्वतःचा हात घातला. भाव सांगायचा म्हणून. पंजा धरला. सोडला. पुन्हा पंजा. पुन्हा. पाचवा पंजा झाला तरी थांबंना, अन मग पंजा धरला तो सोडलाच नाय. कुशाबाईनं काल सांगितलंच व्हतं की लढाईच्या त्या दिवसांत हा माणूस ओट्यावर रेडिओ घेऊन बसायचा, बाजाराला पण गेला नाय.

"काका, आकडा तर सांगा," ती हळूच म्हणाली.

"मोजतोय. गप ऱ्हा."

"कितीला गेली, दादाभाऊ?" मागनं कुणीतरी विचारलं.

दादाभाऊनं रुमाल ओढून नाक पुसलं. "सौदा मोडला. विकायची नाय." अन दाव्याला हिसका दिला. "चल गं हर्षे. बोली तीन फेऱ्यांची व्हती, अजून एकच झालीय."

हर्षालीनं मान हलवून घुंगरू वाजवले अन दुसरी फेरी सुरू केली.