मोजणीचा मूळ कागद

“हा कागद फारच स्वच्छ आहे हो तुमचा,” परीक्षक बाई म्हणाल्या.

त्यांच्यासमोर माझं प्रोजेक्ट उघडं पडलं होतं. एमबीए, अकाउंटिंग स्पेशलायझेशन, शेवटचं सत्र. विषय, आमच्या पंपाच्या कारखान्यातला सुट्या भागांचा साठा. माझं वय सत्तेचाळीस. वर्गातली पोरं मला काकू म्हणतात. म्हणोत बापडी! दोन वर्षांचे सगळे रविवार घालवून, त्यांच्याच वह्या उतरवून मी या खुर्चीपर्यंत आले होते. महिनाअखेर डिग्री हातात पडली तर अकाउंट्सची प्रमुख मी होणार होते. नाही पडली तर बाहेरून कुणीतरी डिग्रीवाला येऊन माझ्या डोक्यावर बसणार होता. साहेबांनी तसं तोंडावर सांगितलं होतं.

“स्वच्छ म्हणजे?” मी विचारलं.

“गोदामात चारशे प्रकारचा माल मोजलात म्हणता. एक खाडाखोड नाही, धुळीचं एक बोट नाही. मी तीस वर्षं ऑडिट केलंय. खरी मोजणी करणाऱ्याचा कागद असा लग्नपत्रिकेसारखा नसतो.”

“ही फेअर कॉपी आहे,” मी म्हणाले. खोटं इतकं झटकन बाहेर पडलं की मीच दचकले.

“मग मूळ कागद आणा. उद्या अकराच्या आत. तोवर तुमचे गुण थांबवते.”

मूळ कागद नव्हताच. आमच्याकडे गेली बावीस वर्षं मोजणी अशीच होते. स्टोअरकीपर काका गोदामाच्या दारात स्टुलावर बसून रजिस्टरमधले आकडे वाचतात, मी टिक मारते, दोघं सही करतो, की झाली मोजणी. ज्याच्या ताब्यात माल, त्याच्याच तोंडचे आकडे! वर्गात सरांनी ही चूक पहिल्याच महिन्यात फळ्यावर लिहिली, तेव्हा मी मान खाली घालून बसले होते. आणि तरी प्रोजेक्टच्या वेळी जुन्या खोडीनं तेच केलं. जित्याची खोड, दुसरं काय.

पण एवढंच असतं तर मी इतकी घाबरले नसते. परवा काका बँकेत गेलेले असताना, तोंडी परीक्षेची तयारी म्हणून मी गोदामात शिरले. मागच्या रॅकवरचं बेअरिंगचं एक पट्टी लावलेलं खोकं सहज उचलून पाहिलं. भरलेलं खोकं एका हातानं उचलत नाही, हे कारखान्यातलं शेंबडं पोरही सांगेल. माझ्या हातात ते अलगद आलं. शेजारचंही आलं. वरच्या फळ्यांवर अजून अशी किती असतील, देव जाणे. मी दोन्ही जागच्या जागी ठेवली आणि कुणापाशी ब्रही काढला नाही. तेव्हापासून घास घशाखाली उतरत नव्हता. नवरा म्हणाला, “परीक्षेचं एवढं काय घेऊन बसलीस?” मी म्हटलं, हो, परीक्षेचंच.

बाहेर बाकावर वर्गातली एक मुलगी तिच्या पाळीची वाट बघत बसली होती. तिला कागदाचं सांगितलं तर ती चक्क हसली.

“काकू, एवढंच ना? कागद चुरगळा, थोडा चहा सांडा, दोन-चार आकडे खोडा. अर्ध्या वर्गानं तसंच केलंय.”

तिला काय सांगू? त्या कागदाखाली माझी सही होती आणि मागच्या प्रत्येक वर्षाच्या कागदाखालीही होती. खोकी रिकामी निघाली तर काकांबरोबर मीही बुडणार. डिग्री राहिली बाजूला, नोकरीवरच गदा यायची. आणि काका! साहेबांकडे शब्द टाकून मला या कारखान्यात चिकटवणारे काका. दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते.

दुपारी जेवणाची सुट्टी संपता संपता मी कारखान्यात पोचले. काका स्टुलावरच होते.

“काय गं, झालीस पास?”

“मोजणीचा मूळ कागद मागितलाय. खाडाखोडीचा.”

“हात्तिच्या! मग तोंड का असं? बस इथं. मी आकडे सांगतो. चार चुकीचे लिही, खोड, वर बरोबर लिही. मग कागद जरा जमिनीवर घास. हाय काय अन् नाय काय!”

त्यांनी रजिस्टर उघडलंसुद्धा. मी पेन काढलं. खरं सांगते, इतकं सोपं होतं ते. तासाभराचं काम. उद्या अकराला कागद, महिनाअखेर खुर्ची. पहिले दोन आकडे मी लिहिलेही. आणि मग डोळ्यांसमोर आलं, की प्रमुख झाल्यावर दरवर्षी मी याच दारात उभी राहणार आणि दरवर्षी मनात म्हणणार, यंदाही कुणी खोकं उचलू नये. दोन दिवसांत माझी ही दशा झाली होती. जन्मभर पुरेल एवढं बळ माझ्यात नव्हतं.

“काका,” मी म्हणाले, “बेअरिंगची खोकी उघडून मोजायची आहेत.”

ते वाचता वाचता थांबले. चष्मा काढून पुसला, परत लावला. बाहेर एक ट्रक मागे घेत होते. त्यांनी रजिस्टर मिटलं.

“कधी कळलं तुला?”

“परवा.”

“म्हणजे परवापासून धड जेवली नसशील.”

मला रडू फुटेल असं वाटलं. मी नुसती मान हलवली.

“भरून ठेवणार होतो गं,” काका म्हणाले. “आधी एका खोक्यातला माल विकला, मग दुसऱ्यातला. निवृत्तीच्या आत सगळी भरून ठेवणार होतो.”

“काका, सही माझीही आहे.”

“ठाऊक आहे. म्हणून तर विचारतो. मोजायलाच हवं का?”

ते ओरडतील, हात जोडतील, नोकरी कुणी लावली ते काढतील, या धास्तीनं मी रॅकला टेकून उभी होते.

“मोजायला हवं,” मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं की नाही, तेही कळेना.

काका उठले. कोपऱ्यातली लोखंडी शिडी त्यांनी ओढत आणली, मागच्या रॅकला लावली आणि दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

“चढ. सावकाश.”

मी चढले. शिडी जराही हलली नाही. अगदी वरचं पहिलं खोकं पुढे ओढलं, पट्टी सोडवली, आत पाहिलं.

“रिकामं,” मी म्हणाले.

“लिही,” काका खालून म्हणाले.