तांब्याची जाई

"मग वायरच बदलून टाका ना, डॉक्टरसाहेब," शिवहार म्हणाला.

नांदेडच्या डॉक्टरांना हसू आलं नाही. "मोटार नाही ती. डोळ्यामागची नस वाळली, की वाळली."

गोरेगाव या आपल्या खेड्यात तीस वर्षं शिवहार जळक्या मोटारी भरून देत होता. काळी पडलेली वायर काढायची, नवी भरायची, की मोटार पुन्हा पाणी ओढायला तयार. आणि आज सख्ख्या आईला, अनुसयाबाईला, हाताला धरून जीपमध्ये बसवावं लागलं.

वाटेत म्हातारीनं एवढंच विचारलं, "जाई कशी दिसती रे?"

जाई म्हणजे शिवहारच्या मुलाची, विश्वजीतची, वीस दिवसांची लेक. सून बाळंतपणाला सोलापूरला, माहेरी गेलेली. मोबाईलवर रोज फोटो यायचा. म्हातारी त्यावरून बोट फिरवायची. पण काच ती, सगळीकडून सारखीच लागायची.

दुसऱ्या दिवशी शिवहारनं मोटारी बाजूला सारल्या आणि फोटो समोर ठेवून तांब्याच्या तारेचा चेहरा वळायला घेतला. ब्लेडनं तारेचं वार्निश खरवडायचं, तार वाकवायची, कथील वितळवून डाग द्यायचा. एक सांधा बसला की शेजारचा तापून सुटायचा. बोटं पोळली.

"काहून करून राहिले हे?" बायको, तारा, म्हणाली. "दिवाळीला येतीच की पोरगी."

"दिवाळी कुणी पाह्यली?"

गाल जमले, कान जमले. डोळे मात्र काही केल्या जमेनात. ती जागा मोकळीच राहिली.

चौथ्या दिवशी त्यानं तो चेहरा आईच्या मांडीवर ठेवला. तिनं चाचपून पाहिलं. बोटं कानावर थांबली.

"नाक बराबर आपल्या घरचं हाय!"

तारा काही बोलणार, तोच शिवहारनं तिला खुणेनं अडवलं.

"व्हय माय. आपलंच नाक."

बोटं पुढं सरकली आणि मोकळ्या जागेत अडखळली.

"अन् डोळे रे?"

"झोपलीया, माय."

"मंग हळू बोला की," म्हातारी कुजबुजली, आणि तांब्याचं ते डोकं कुशीत घेऊन हलक्या हातानं थापटू लागली.