लाल राहिलेली पानं

नवरा, ओरिन, वारला आणि डेलाकडे दोन गोष्टी राहिल्या: उतारावरची सफरचंदाची बाग आणि संगणकावरची त्याची विकी. वीस वर्षांची टिपणं, एका पानातून दुसऱ्या पानात शिरणारी. वेलीने वेलीचा हात धरावा तशी.

ओरिनची एक खोड होती. पान लिहायच्या आधीच तो त्याचं नाव दुसऱ्या पानांत घालून ठेवी. न लिहिलेल्या पानाचं नाव विकीत लाल दिसतं, लिहिलं की निळं होतं. जानेवारीत, बर्फाने दार अडवलेलं असताना, डेलाने ती लाल नावं वेचून वेचून पुसली. त्याचं अर्धवट राहिलेलं तिला डोळ्यांसमोर नको होतं.

मार्चमध्ये कुंपणालगतच्या रांगेत रस्ता रुंद करणाऱ्यांच्या खुंट्या आल्या. अकरा झाडं जाणार होती. त्यातलं एक डेलाच्या आईच्या परसातल्या झाडाचं, क्वेबेकहून काडी आणून केलेलं कलम. कळ्या फुटायच्या आत काड्या काढल्या तरच ते दुसऱ्या खोडावर जगणार. पण निष्पर्ण अकरा झाडं म्हणजे एकाच तोंडवळ्याच्या अकरा बहिणी. आईचं कोणतं, हे फक्त ओरिनला ठाऊक होतं. तिने विकीत ‘आई’ शोधलं. काहीच आलं नाही.

धाकटा दीर रेमी कात्री घेऊन आला होता. सगळं ऐकून कॉफीत मेपलचा पाक ओतत तो म्हणाला, “वहिनी, तण काढता काढता तुम्ही रोपंच उपटलीत की.”

“तुमच्या भावाने रोपं तणासारखी पेरली, त्याला मी काय करू?”

रेमी हसला. मग त्याने आठवण दिली, की ही विकी खोडलेलंही विसरत नाही, अशी फुशारकी ओरिनच मारायचा. डेलाने ‘कुंपणाची रांग’ हे पान उघडलं आणि त्यातल्या बदलांचा इतिहास पाहिला. जानेवारीतली तिची स्वतःची खाडाखोड तिथे तारखेसकट होती. त्याखाली जुनी ओळ: विहिरीकडून सातवं. पुढे लाल अक्षरांत, ‘डेलाच्या आईचं झाड’.

सहा काड्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये लोण्याशेजारी निजल्या.

रेमी गेल्यावर संध्याकाळपर्यंत तिने पुसलेली सगळी नावं जागच्या जागी लावली. लालच राहू दिली. फक्त आईच्या झाडाचं उघडलं. पान कोरं होतं. ओरिन इथे काय लिहिणार होता, ते आता कळायचं नव्हतं. तिने आपलं लिहिलं:

‘फळ आंबट. आई ॲपल पाय करताना याची साल कधी काढायची नाही.’