फरशीवरचे माग

बशीखाली दुमडून ठेवलेलं तिकीट गुलाबी होतं आणि त्याच्या कोपऱ्यावर चहाचा डाग हळूहळू पसरत होता, तरी मजीदनं ते उचललं नाही – शहागंजातलं थेटर, शनिवार, दुपारचे तीन, मर्दाना खेळ – बशीबाहेर एवढं दिसत होतं आणि एवढं त्याला पुरेसं होतं. जैतुनबी, त्याची बायको, काल जुम्म्याला जनाना खेळ पाहून आली होती. आल्यावर बुरखा खुंटीला अडकवून तिनं कणीक मळायला घेतली, नेहमीपेक्षा बराच वेळ मळली.

"ये क्या?" त्यानं उगाच विचारलं.

"देख को आओ," ती म्हणाली. "फिर बोलते."

सिनेमा बद्रीनाथचा होता. नट नाही, नटी नाही, गाणं नाही. खरी माणसं, खऱ्या जागा. गुल-ए-दख्खन हिमरू कंपनीनं हिमरू शालींच्या कारखान्याचे शेअर विकून लोकांना कसं नागवलं याची सगळी हकीकत म्हणे त्यात होती... म्हणजे आपलीही असणार, मजीदला वाटलं.

दोन वर्षांपूर्वी हाच बद्रीनाथ, उस्मानपुऱ्यात फोटो काढून पोट भरणारा सडपातळ तरुण, कंपनीच्या पगारावर होता. शेअर खपावेत म्हणून कंपनीला जाहिरातीचा सिनेमा हवा होता. गावाबाहेरच्या शेडमध्ये शहाबादी फरशीवर तीस नवे कोरे माग ओळीनं मांडलेले, त्यांच्यावर रोजंदारीनं आणून बसवलेले हमाल, आणि खरा विणकर एकच – मजीद. हिमरूचा माग असा फरशीवर उभा राहत नाही. खाली खड्डा लागतो, विणकर कमरेइतका जमिनीत उतरतो, पाय पावड्या दाबतात तेव्हा कुठे वर ताण्याचे उभे धागे उघडतात आणि आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला वाट मिळते. हे मजीदला ठाऊक होतं. बद्रीनाथला नव्हतं. कंपनीचे मॅनेजर तात्यासाहेब तेवढं म्हणाले, "हात घ्या, नुसते हात," आणि मजीदनं धोटा असा काही फिरवला, की बद्रीनाथ कॅमेऱ्याच्या यंत्रामागून वा वा म्हणाला.

तो सिनेमा औरंगाबादेत कधीच लागला नाही. जालना, परभणी, जत्रा, आठवडी बाजार – जिथं हिमरूचा माग कुणी पाहिलेला नाही तिथं तो दाखवला गेला. मजीद सूत आणतो म्हणून सांगून जालन्याला गेला आणि एकाच दिवशी दोनदा पाहून आला. भिंतीएवढे आपले हात... अब्बांनी कधी शाबासकी दिली नाही, शाली विकत घेणाऱ्या शेठनं दिली नाही, आणि तिथं चारशे अनोळखी माणसं श्वास रोखून बघत होती. मला ते आवडलं, लई आवडलं – हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, नमाजेतसुद्धा या विचाराला तो वळसा घालून जायचा.

मग एकदा बद्रीनाथ त्याच हातांचा फोटो भेट द्यायला घरी आला. मजीद मागावर होता, कमरेपर्यंत खड्ड्यात. बद्रीनाथ दारातच थांबला, खड्ड्याकडे बघत. त्यानं विचारलं, "मजीदभाई, तिकडं शेडमध्ये तुमचे पाय कुठं होते?"

मजीद हसला होता. त्या हसण्याची त्याला अजून लाज वाटत होती. कारण बद्रीनाथ हसला नाही. फोटो ठेवून निघून गेला आणि पुढं वर्षभर यंत्र खांद्यावर टाकून फसलेल्या लोकांना भेटत गावोगाव फिरला. परत येऊन त्यानं एकच मागितलं: मागाची ही गोष्ट यंत्रासमोर तुम्ही सांगा. लढाईचे दिवस, सूत तात्यासाहेबांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नव्हतं. बोललं तर दुसऱ्या दिवशी माग बंद. मजीद नाही म्हणाला. "तुमचं नाव मी घेणार नाही," एवढंच बोलून बद्रीनाथ उठला. आता सिनेमा लागणार हे कळताच कंपनीनं उलट त्याच्यावरच फिर्याद केली होती – कारखाना खरा होता, सिनेमा खोटा आहे. सोमवारी अदालत. ते माग खोटे होते अशी साक्ष द्यायला कुणी उभं राहिलं नाही तर हर्सूलचा तुरुंग त्याची वाट बघत होता.

तीन वाजता मजीद थेटरात मागच्या बाकावर बसला, अंग चोरून.

आणि थोड्याच वेळात तो अंग चोरणं विसरला. काय काम केलं होतं पोरानं! कुठं आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. तात्यासाहेबांचा नवा बंगला, त्यातले गरगर फिरणारे पंखे, आणि लगेच परभणीची सारजाबाई – सुईण – शेअरचा कागद उलटा धरून सांगणारी, "कागद लई गुळगुळीत व्हता, म्हून इस्वास बसला." लोक हसले आणि हसताहसता गप्प झाले. कुठं सोडायचं, कुठं धरायचं, हे त्याला कळत होतं. मजीदनं आयुष्यभर धागे जोडले होते, हे जोडकाम त्याला वाचता येत होतं. मग बद्रीनाथ स्वतःच पडद्यावर येऊन फरशीवर बसला. म्हणाला, "पहिला सिनेमा मी काढला. फसवणाऱ्यांत पहिलं नाव माझं लिहा." इतक्या साधेपणानं, की मजीद बाकावर पुढं सरकून बसला.

मग हात आले. मजीदचे हात, भिंतीएवढे, फरशीवरच्या त्या मागावर. "हे एका चांगल्या कारागिराचे हात आहेत," बद्रीनाथचा आवाज म्हणाला, "त्याला तिथं मी बसवलं." आणि नंतर – हे मजीदच्या स्वप्नातही नव्हतं – यंत्र खऱ्या खड्ड्यात उतरलं. पावड्यांवर दोन पाय, गोरटे, शहरी, अडखळणारे. विणकर कुणी तयार होईना म्हणून बद्रीनाथ तीन महिने स्वतः विणायला शिकला होता. पाय चुकत होते, पुन्हा पडत होते, पुन्हा चुकत होते. वर वीतभर कापड तयार झालं, वाकडंतिकडं, पण कापड. थेटरात शिट्ट्या वाजल्या. मजीदला ते वेडंवाकडं कापड आपल्या आजवरच्या सगळ्या शालींपेक्षा मोठं वाटलं, आणि असं वाटल्याचा त्याला रागही आला नाही.

शेजारचा माणूस त्याच्याकडे झुकला. जालन्याचा सांडू, तांबट, असं त्यानं बसतानाच सांगितलं होतं. लेकीच्या लग्नाचं सगळं त्यानं त्या कंपनीत घातलं होतं.

"ते हात पायले का?" सांडू म्हणाला. "काय सुरेख चालत व्हते! म्या त्येच बघून शेअर घेतले. म्हनलं, इतकं नेमकं काम करनारा मानूस खोट्या जागी बसनार नाय."

मजीदनं मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा कौतुक त्याला सोसवेना.

घरी आला तेव्हा ऊन कलंडलं होतं. जैतुनबी ओट्यावर भाजी निवडत होती.

"बहुत अच्छा बनाया," तो म्हणाला. तिनं भाजीची दुसरी जुडी पुढं ओढली. "तुमे पहचाने?" त्यानं विचारलं.

"चौतीस साल से देख री उन हाथों को." मग भाजीची काडी मोडत ती म्हणाली, "बायका पूछने लगे, कौन है ये, किसके हाथ हैं. मैं खडी हो गयी. बोली – मजीद के हैं, मेरे घरवाले के."

म्हणजे काल दुपारपासून मोहल्ल्याला माहीत होतं. सकाळी सलाम घालणाऱ्यांना, नळावरच्या बायकांना... आणि तो दिवसभर तोंड लपवत फिरत होता.

"सूत बंद होगा," तो म्हणाला.

"होगा."

तो तिच्याकडे बघत राहिला. भरल्या थेटरात, बुरख्यातून, एकटी उभी राहिलेली ही बाई. आत भीती होतीच, सोमवार होताच. पण भीतीच्या शेजारी आता दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं, आणि त्याला जागा द्यावी की नाही हे त्याला कळत नव्हतं.

"जोर से बोले थे?" त्यानं विचारलं.

"पीछे तक सुनाई दे, इतना."

तो तिच्याजवळ टेकला. ओठ न हलवता त्यानं सोमवारची साक्ष मनातल्या मनात म्हणून पाहिली: मजीद वल्द करीम, पेशा विणकाम... आणि पुढचं वाक्य आलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी जरा मोठ्यानं.