सासूबाईंची सुरगाठ

जनावरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा माझ्या सासूबाई तिथे अठ्ठावीस वर्षं मदतनीस होत्या. घरी त्या मला "अगं" म्हणायच्या, फाटकाच्या आत पाऊल पडलं की "डॉक्टरबाई". मी दोन्हीकडे त्यांना आईच म्हणायचे. नवरा म्हणायचा, "एकाच स्कूटरवरून जाता, पण वाटेत कुठेतरी जागा बदलता."

त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. पण गाय कुठल्या पायावर भार देत नाही, हे त्यांना ती फाटकातून येतानाच कळायचं. गोठ्यातलं प्रत्येक जनावर त्या स्वतः बांधायच्या, आणि ते इतक्या चटकन की मी कधी त्यांच्या हातांकडे नीट पाहिलंच नाही. गाठ ती गाठ, त्यात काय पाहायचं?

एका सकाळी घोडेस्वारी शिकवणारे एक मास्तर त्यांची लाल घोडी घेऊन आले. पुढच्या खुरात खिळा घुसला होता. मास्तर नोंद करायला खिडकीवर गेले, सासूबाई औषधांच्या खोलीत होत्या, म्हणून घोडी मीच भिंतीतल्या लोखंडी कड्याला बांधली. अंगानं दांडगी, सुटली तर आवरणार कोण? एकावर एक दोन निरगाठी मारल्या, ओढून पाहिल्या आणि स्वतःवरच खूश झाले.

खिळा काढून खूर धुतला. फरशी ओली होती. तेवढ्यात रस्त्यावर ट्रकचा टायर फुटला. घोडी दचकून मागे सरली, तिचे मागचे पाय घसरले आणि ती धाडकन खाली बसली. अंग खाली आलं, डोकं मात्र दोरीला लटकून वरच राहिलं. ती डोळे पांढरे करून हिसके देत होती आणि प्रत्येक हिसक्याला माझी गाठ आणखी आवळत होती. मी नखं लावली. नखं तुटली, गाठ हलली नाही.

"डॉक्टरबाई, बाजूला व्हा."

सासूबाईंच्या हातात गवत कापायचा विळा होता. त्यांनी आधी घोडीच्या डोळ्यावर तळवा ठेवला. "आहे, मी आहे," असं तिच्याशी पुटपुटल्या आणि कड्याजवळ तीन घावांत दोरी कापली. घोडीनं मान टाकली, फुरफुरली, आणि थोड्या वेळानं आपणहून उठून उभी राहिली.

मास्तर धावत आले ते लालबुंद होऊनच. "कुणी बांधली होती ही?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "चुकलंच. जरा चालवून बघा, मान धरली असेल तर डॉक्टरबाई तपासतील."

मास्तर त्यांना नाही नाही ते बोलले. त्या कापलेली दोरी हातात घेऊन ऐकत राहिल्या. मी तोंड उघडलं, पण त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी घरी भाजी चिरून झाल्यावर त्यांनी कपडे वाळत घालायची दोरी आणली आणि खुर्चीच्या पायाला वेढा दिला.

"अगं, निरगाठ वाईट नाही. पोत्याला मार, पेटीला मार. पण ज्यात जीव आहे त्याला सुरगाठ. हे बघ, आखूड टोकाची घडी करायची आणि ती वेढ्यातून घालायची, टोक नव्हे. आता ओढ. ही लांब बाजू, जनावराची."

मी ओढलं. खुर्ची सरकली, गाठ तशीच.

"आता आपली बाजू."

आखूड टोकाला बोट लागायचा अवकाश, दोरी मोकळी होऊन माझ्या मांडीवर पडली.

"पण हे तर फासासारखंच दिसतं."

"दिसायला सख्ख्या बहिणी. ओढला की आवळतो तो फास, तो गळ्यात कधी घालायचा नाही. आपलं टोक ओढलं की सुटते ती सुरगाठ. कुठल्या टोकाची घडी केलीस, त्यावर सगळं." मग त्या हसल्या. "आपल्याकडे एक गाढव होतं, दातानं टोक ओढून रोज सुटायचं. मग मी टोक घडीतून अडकवून ठेवायला लागले. तुझ्याआधी सुरगाठ त्या गाढवाला कळली."

"आई, तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुला उद्या त्याच माणसाच्या घोडीला सुई टोचायची आहे. त्यानं तुझ्यावर भरवसा नको ठेवायला? माझं काय, मला बोलणी खायची सवय आहे."

रात्रभर ते वाक्य मला टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी मास्तर पट्टी बदलायला आले, तेव्हा मी सुई भरायच्या आधीच सांगून टाकलं, "काल गाठ मी मारली होती. यांनी माझी चूक स्वतःवर घेतली. आज यांनी बांधलेली ही गाठ बघा, टोक ओढलं की सुटते."

मास्तरांनी टोक ओढून पाहिलं, घोडीची मान थोपटली. मग सासूबाईंकडे वळून म्हणाले, "बाई, काल मी फार बोललो. माझ्याकडे बारा विद्यार्थी आहेत. त्यांना ही गाठ शिकवाल?"

"मी? शिकवायला?" सासूबाई पदर सावरत म्हणाल्या. पण रविवारी त्या गेल्या.

मी कुंपणापाशी उभी राहून पाहत होते. बारा तरुण माणसं अर्धगोलात उभी, मधे माझी ठेंगणी सासू, खांद्यावर दोरी. आवाज जराही कापत नव्हता. प्रत्येकाचा हात धरून त्या घडी घालून घेत होत्या, चुकलं की "पुन्हा" एवढंच म्हणत होत्या. मास्तरांनीही बांधून दाखवली. लाल घोडीनं सहज मान हलवली, दोरी सुटली आणि ती रमतगमत चाऱ्याकडे निघाली.

"अरेच्चा! मी बांधलेली घोडी आजवर तर कधी सुटली नव्हती," मास्तर म्हणाले.

"आजवर घोडी भिडस्त होती," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातात पुन्हा दोरी दिली.