कुणाला कळू नये असा दात

माझा वरचा पुढचा उजवीकडचा दात बत्तीस वर्षं काळपट होता. धार काढताना गाईनं लाथ मारली, दात हलला, पुन्हा घट्ट बसला आणि मग आतल्या आत मेला. नवरा, सागीन, म्हणायचा, गाईनं शिक्का मारलाय, आता तुला कुणी पळवून नेण्याची भीती नाही. मी तोंडावर हात धरून हसायचे. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर हात धरण्याची वेळ फारशी आली नाही.

उन्हाळ्यात मेदेरचा फोन आला. मेदेर माझा एकुलता एक मुलगा, चार वर्षं कझानला आहे. तिथेच त्यानं लग्न केलं, मुलगी आपलीच, बिश्केकची. आता सप्टेंबरात तिला घेऊन इथे काराकोलला, घरी येणार होता. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "आपा, तुझ्या त्या दाताचं काही करता येतं का बघ ना. फोटो निघतील. मीरिमच्या घरचे शहरातले आहेत." हळू बोलला, पण बोलला. आईला आपा म्हणायचं आणि तिला फोटोसाठी रंगवून ठेवायचं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

शेजारच्या तुर्सुनायला सांगितलं. तिच्या तोंडात सोन्याचे सहा दात. तोंड उघडलं की दुकानाचं शटर वर गेल्यासारखं वाटतं. तिच्या उत्साहाला तर ऊतच आला.

"सोन्याचा बसव. पैसे कुठे गेले ते लोकांना दिसायला नको? आणि कोरुमदुक मिळेल ते वेगळंच."

आमच्याकडे नवी सून, नवं बाळ, नवं काहीही पहिल्यांदा बघायचं तर रिकाम्या हातानं बघत नाहीत. काहीतरी हातावर ठेवावं लागतं, ते कोरुमदुक. तुर्सुनायनं सोन्याचे दात बसवले तेव्हा माझा लोकरीचा रुमाल तिनं माझ्या डोक्यावरून काढून नेला होता. पण मी म्हटलं, आजकालच्या पोरांना सोन्याची लाज वाटते. त्यांना दात दातासारखाच हवा. तुर्सुनाय म्हणाली, मग आहे तो काय वाईट आहे, दातासारखाच तर आहे.

बाजारामागे एर्मेक नावाचा तरुण डॉक्टर बसतो. त्यानं आधी मेलेल्या दाताचं रूट कॅनाल केलं, मग कॅपचं माप घेतलं. रंग ठरवायच्या दिवशी माझी लिपस्टिक पुसायला लावली, दिवा बंद केला आणि मला खिडकीकडे तोंड करून बसवलं. दातांच्या रंगांचे नमुने एकेक करून माझ्या दातांशेजारी धरायचा, मागे सरकायचा, पुन्हा जवळ यायचा. चहा किती पिता, विचारलं. मी म्हटलं, मोजत नाही. पहिली कॅप आली ती फरशीसारखी पांढरी. मला आवडली होती, त्यानं परत पाठवली. दुसरी हिरडीपाशी जराशी पिवळी होती आणि तिच्यावर एक बारीक उभी रेघ होती, शेजारच्या दातावर आहे अगदी तशी. त्या रेघेसाठी तो अर्धा तास माझ्या तोंडाकडे बघत होता. सागीन गेल्यापासून इतका वेळ माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. दुखतंय का, त्यानं विचारलं. मी हो म्हटलं.

आरसा हातात देऊन म्हणाला, "आपा, हा बसवलेला आहे हे कुणाला कळलं, तर माझं काम बिघडलं समजा."

"मग मला कोरुमदुक कोण देणार?"

तो हसला. "तुमचा जुना दात ज्याला माहीत आहे त्याला कळेलच की. त्याच्याकडून घ्या."

घरी येताना अशी माणसं मोजली. सागीन नाही. बहीणही गेलेली. तुर्सुनाय लेकीच्या बाळंतपणाला जलालाबादला गेलेली, महिनाभर येणार नव्हती. गल्लीत सगळे नवीन भाडेकरू. उरला मेदेर. मला त्याच्याकडून रुमालही नको होता, रुबलही नको होता. त्यानं फक्त म्हणावं, आपा, अरे वा, दाखव बघू. एवढ्यासाठी मी दिवस मोजले.

ते आले. अंगणातच मीरिमच्या डोक्यावरून पांढरा रुमाल पुढे ओढलेला होता. मी आईच्या चांदीच्या कुड्या तिच्या हातावर ठेवल्या, रुमाल वर केला, तिचं तोंड बघितलं. गोड पोरगी आहे. मग मेदेरकडे वळले आणि हसले. हात खाली दाबून धरला होता.

तो म्हणाला, "आपा, पत्र्याचा रंग पार उडालाय की."

तीन दिवस राहिला. फाटकाची बिजागरी सैल झालेली त्याला दिसली, कुत्रं मागच्या पायानं लंगडतंय हे दिसलं, भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे हेही दिसलं. पोराची नजर बापाची, काही सुटत नाही. मी कणकेचे बोरसोक तळत हसले, मांस वाढताना हसले, विनोद नसलेल्या ठिकाणीही हसले. दात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मीरिम मात्र माझ्याकडे बघून हसायची. पण तिच्या लेखी हा दात माझ्या जन्माबरोबरच आलेला. फोटो निघाले, खूप निघाले. मला वाटलं, फोटोत तरी दिसेल. आपण होऊन सांगायचं मात्र नाही, असं मी ठरवलं होतं. मागून घेतलेलं कोरुमदुक म्हणजे भीक.

चौथ्या दिवशी सकाळी निघाले, मीरिमच्या माहेरी बिश्केकला. ती गाडीत बसली. मेदेरनं मला मिठी मारली, मग दोन्ही खांदे धरून समोर उभा राहिला. त्याचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर. आता, मला वाटलं. त्यानं गाडीकडे एकदा बघितलं आणि बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला.

"आपा, दाताचं राहिलंच ना? असू दे, वाईट वाटून घेऊ नकोस. फोटोत तुला मी मागेच उभं केलंय, काही दिसत नाही."

"राहिलं रे बाळा," मी म्हटलं. "वेळच झाला नाही."

त्यानं माझ्या कपाळाचा मुका घेतला आणि जाऊन गाडीत बसला. मी फाटकात उभी राहून त्याच्यासाठी दात काढून हसले, दोन्ही ओठ मागे ओढून. तो तेव्हा आरसा नीट करत होता.